चाळिशी आणि आपोआप नंबर बदलणारा चष्मा

मराठीत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याची नजर चांगली असणार. कारण जवळचं दिसेनासं होण्याचा हा त्रास खरोखरच चाळिशीच्या आसपास सुरू होतो आणि कुणालाही चुकत नाही. तुम्ही शाकाहारी असा, रोज योगासनं करा, गाजरं खा, नाहीतर आयुष्यभर मोबाइलला हात लावू नका. वर्ष-दोन वर्षं इकडे तिकडे होतील, एवढंच.

गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या तीन-चार जणांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. काडीला बोट लावलं की काचेचा नंबर बदलतो, किंवा तुम्ही कुठे बघताय ते ओळखून चष्मा स्वतःच नंबर बदलतो, अशा चष्म्यांचा. “डॉक्टर, घेऊ का? मुलगा तिकडून आणायला तयार आहे,” हा प्रश्न ठरलेला. मी नेत्रतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण या विषयात मला दोन कारणांनी रस आहे. एक म्हणजे मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे आणि औषधाच्या पट्टीवरची एक्सपायरी डेट वाचताना माझा हात आपोआप लांब जातो. दुसरं म्हणजे, जवळचं किंवा पायाखालचं नीट न दिसल्याचे परिणाम बऱ्याचदा माझ्याच केबिनमध्ये येतात. चुकीचा मोजलेला इन्सुलिनचा डोस, रक्तदाबाच्या गोळीऐवजी खाल्लेली थायरॉइडची गोळी, जिन्यावरून पडून मोडलेलं खुब्याचं हाड.

म्हणून हा चष्मा कसा चालतो, तो बनवायला इतकी वर्षं का लागताहेत आणि आज तुम्ही काय करावं, हे जरा सविस्तर लिहितो.

आधी आपला डोळा. डोळ्यात प्रकाश वाकवण्याचं काम दोन ठिकाणी होतं. समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, आणि बाहुलीच्या मागचं भिंग. मोठं काम कॉर्निया करतो, पण त्याची ताकद ठरलेली असते. बदलता येतं ते भिंग. दूर बघताना ते चपटं असतं. जवळ बघायचं झालं की भोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंगावरचा ताण सुटतो आणि ते फुगतं. ही ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे. एक मीटरवरचं वाचायला एक डायऑप्टर जास्तीचा लागतो, अर्ध्या मीटरवर दोन, चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे पेपर धरतो त्या अंतरावर, अडीच.

शाळकरी मुलाकडे अशी बारा-चौदा डायऑप्टरची राखीव ताकद असते. म्हणून ती पोरं पुस्तकात नाक खुपसून वाचू शकतात. चाळिशीत चार-पाच उरते. पन्नाशीत दोनच्या आसपास. साठीनंतर जवळपास काही नाही. कारण हे भिंग जन्मभर वाढत असतं. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे नवे थर बाहेरून चढत जातात आणि आतला गाभा कडक होत जातो. स्नायू बिचारा साठीतही काम करत असतो, पण ज्याला फुगवायचं ते भिंगच फुगत नाही. डोळ्यांच्या व्यायामाने चाळिशी घालवून देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे भरण्याआधी एवढं लक्षात घ्या. आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हाही गैरसमज. नंबर भिंगामुळे वाढतो. चष्मा लावा अथवा लावू नका.

यावर आजवर जे उपाय निघाले त्या सगळ्यांत एक तडजोड आहे. वाचायचा चष्मा वेगळा ठेवला तर तो सतत शोधावा लागतो. बायफोकल जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिनच्या १७८४ सालच्या पत्रात त्याचं वर्णन सापडतं. त्यात खालच्या चकतीतून फक्त जवळचं दिसतं. १९५९ साली फ्रान्समध्ये प्रोग्रेसिव्ह काच आली. तिच्यात रेघ दिसत नाही, नंबर वरून खाली हळूहळू वाढत जातो, पण दोन्ही बाजूंच्या कडांना चित्र वेडंवाकडं होतं. नवा प्रोग्रेसिव्ह लावून पहिले आठ दिवस जमीन डुलते म्हणणारे पेशंट मला नेहमी भेटतात.

आणि जमीन डुलणं ही गंमत नाही. उभ्या माणसाच्या डोळ्यापासून जिन्याची पुढची पायरी दीड मीटरवर असते. बायफोकलच्या खालच्या भागाचा नंबर पेपरच्या अंतराचा. म्हणजे खाली बघितलं की नेमकी पायरीच धूसर, आणि तिची कड जिथे आहे तिथे दिसत नाही. ऑस्ट्रेलियात सहाशेहून अधिक ज्येष्ठांवर यासंबंधी अभ्यास झाला. २०१० साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नेहमी बाहेर हिंडणाऱ्या ज्येष्ठांना चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा दिला, तेव्हा त्यांचं पडणं स्पष्टपणे कमी झालं. मात्र जे फारसे घराबाहेर पडत नव्हते त्यांना या बदलाचा फायदा झाला नाही, उलट त्यांचं घराबाहेर पडणं वाढलं. सरसकट सल्ला देणं किती अवघड असतं बघा.

म्हणजे हवं आहे ते असं: एकच काच, जिचा पूर्ण नंबर गरजेनुसार बदलेल. पायरीकडे बघताना दूरचा, पेपरकडे बघताना जवळचा. वीस वर्षांच्या डोळ्यात असतं तसं. इथे द्रवस्फटिक येतात, म्हणजे लिक्विड क्रिस्टल. तुमच्या कॅल्क्युलेटरच्या, डिजिटल थर्मामीटरच्या पडद्यात तेच असतात.

या पदार्थाचा शोध आमच्या खात्यातल्याच एका वस्तूतून लागला, हे मला फार आवडतं. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख राइनिट्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होते. हो, तुमच्या लिपिड प्रोफाइलमध्ये लाल अक्षरात येतं तेच कोलेस्टेरॉल. ते संयुग १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलं, पण गढूळ राहिलं. आणि १७९ अंशांच्या जवळ पुन्हा एकदा ‘वितळून’ स्वच्छ झालं. दोनदा वितळणारा पदार्थ! त्यांनी नमुना ऑटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवला, आणि मधल्या गढूळ अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा, हे लक्षात आलं.

यातले रेणू लांबट काड्यांसारखे असतात. भाताच्या शेतावरून वारा गेला की सगळ्या लोंब्या एका दिशेला कलतात ना, तशा या काड्या एकमेकींच्या साथीने एका दिशेला राहतात. वाऱ्याच्या जागी इथे वीज असते. दोन-तीन व्होल्ट दिले की आडव्या काड्या उभ्या होतात. आडव्या काड्यांतून जाताना प्रकाश जास्त अडखळतो, उभ्या काड्यांतून कमी. आता मधल्या भागातल्या काड्या आडव्या ठेवल्या आणि कडेकडे जाताना त्या हळूहळू उभ्या केल्या, तर सपाट काचेतसुद्धा भिंगाचा गुण येतो. काचेला फुगवटा नाही, हलणारा भाग नाही, फक्त विजेचा दाब बदलायचा. जपानच्या अकिता विद्यापीठातल्या सुसुमु सातो यांनी असं द्रवस्फटिकाचं भिंग १९७९ साली मांडलं.

मग आतापर्यंत प्रत्येकाच्या नाकावर असा चष्मा का नाही? यातली खरी अडचण वेगाची आहे. ती मला पूर्वी कळली नव्हती. समजून घेतल्यावर मात्र जाहिरातींकडे बघण्याची माझी नजर बदलली.

आमच्या हॉस्पिटलमधली ती आपोआप बंद होणारी दारं आठवा. ढकललं की झटकन उघडतात, पण मिटताना आपल्या तब्येतीने मिटतात. द्रवस्फटिक तसेच वागतात. वीज दिली की काड्या चटकन वळतात. वीज काढली की त्यांना परत आडवं करणारं कुणी नसतं. थराच्या वर-खाली जी काच असते तिच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या काड्या तेवढ्या आपल्या जागी घट्ट असतात. त्यांच्या शेजारच्या त्यांना बघून आडव्या होतात, त्यांच्या पुढच्या मग. रांगेतून निरोप जावा तसं. थर जितका जाड, तितका निरोप पोचायला उशीर. आणि हा उशीर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. जाडी दहापट, तर वेळ शंभरपट.

ढोबळ हिशेब करून बघू. पाच मायक्रॉन जाडीचा थर परत आडवा व्हायला साधारण वीस मिलिसेकंद घेतो असं धरा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चष्म्यासाठी दोन सेंटिमीटर रुंदीचं, दोन डायऑप्टरचं भिंग हवं असेल, तर नेहमीच्या द्रवस्फटिकाचा थर सुमारे अर्धा मिलिमीटर जाड लागतो. म्हणजे शंभरपट जाड. म्हणजे वेळ दहा हजारपट. उत्तर येतं दोनशे सेकंद, तीन मिनिटांहून जास्त. तुम्ही पेपर वाचून उठलात, जिन्याशी आलात, आणि काच अजून पेपरच्याच नंबरवर. असा चष्मा बायफोकलपेक्षा धोक्याचा. बायफोकलमध्ये निदान वरचा भाग भरवशाचा असतो.

आपलं नैसर्गिक भिंग किती वेळ घेतं? दूरवरून जवळ नजर आणली की सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा मेंदूला हालचाल सुरू करायला लागतो आणि एकूण काम सेकंदभरात उरकतं. म्हणजे चष्म्यालाही निदान तेवढं जमलं पाहिजे. तीन मिनिटांवरून एका सेकंदावर यायचं, ही सगळी कहाणी आहे.

त्यासाठी एक युक्ती दीपगृहांतून आली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी जाडजूड भिंगाची वर्तुळाकार कडी करून, आतली फुकटची जाडी काढून टाकून, चपटं भिंग बनवलं. तशीच बारीक कडी विजेच्या पारदर्शक पट्ट्यांनी काढली, तर थर पुन्हा पाच मायक्रॉनवर आणता येतो. २००६ साली अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठातल्या गटाने नेमकं हेच केलं. थर पाच मायक्रॉन, वीज दोन व्होल्टच्या आत, बदल एका सेकंदाच्या आत. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. सेल संपला तर काच साधी, बिननंबरी होते. म्हणजे गाडी चालवताना बॅटरी दगा देऊन गेली, तरी दूरचं दिसत राहतं. यंत्र बिघडलं तर ते कोणत्या बाजूला बिघडेल, याचा विचार करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. आमच्या पेशातही तोच प्रश्न रोज असतो.

कड्यांची किंमत मोजावी लागतेच. रंगांच्या किनारी दिसतात, रात्री समोरून येणाऱ्या दिव्याभोवती तेजोवलय पडतं. शिवाय द्रवस्फटिकाचा एक थर एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला वाकवतो. उरलेल्या अर्ध्या प्रकाशासाठी दुसरा थर आडवा लावावा लागतो. जाडी, वजन, खर्च.

दुसरी युक्ती समजायला वाण्याची वजनं आठवा. पन्नास, शंभर, दोनशे, चारशे अशी वजनं असली, की काही ठेवून, काही काढून मधलं पाहिजे ते माप करता येतं. तसे पातळ थर एकावर एक ठेवायचे, प्रत्येक थर फक्त चालू किंवा बंद. पातळ म्हणून वेगवान. सहा थरांतून चौसष्ट वेगवेगळी अंतरं मिळतात. आभासी वास्तवाच्या चष्म्यासाठी असा सहा थरांचा नमुना फेसबुकने २०१९ साली दाखवला होता. अशा पातळ भिंगांच्या एका जातीला पंचरत्नम यांचं नाव आहे. शिवरामकृष्णन पंचरत्नम हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी १९५६ साली प्रकाशाच्या कंपनदिशेवर जे काम केलं, त्याचं मोल जगाला पुष्कळ उशिरा कळलं. ते १९६९ मध्ये ऐन पस्तिशीत गेले. म्हणजे चाळिशी लागायच्या आधीच.

तिसरा रस्ता रसायनशास्त्रज्ञांचा, म्हणजे पदार्थच सुधारायचा. प्रकाश जास्त वाकवणारे रेणू घेतले तर थर पातळ पुरतो. रेणू कमी चिकट असतील तर चटकन वळतात. दोन्ही गुण एकत्र मिळणं कठीण, कारण प्रकाश जास्त वाकवायला रेणू लांब करावे लागतात आणि लांब रेणू सहसा चिकट. आणि चिकटपणा थंडीत वाढतो. हिवाळ्यात बाटलीत थिजलेलं खोबरेल तेल तुम्ही पाहिलं आहे. इथे तितकं टोक गाठलं जात नाही, पण गारठ्यात काच रेंगाळते हे खरं. काही पदार्थांत दार उघडायला विजेची एक वारंवारता आणि मिटायला दुसरी वापरतात, म्हणजे मिटतानाही कुणीतरी ओढतं. काहींत थराच्या आत प्लास्टिकचं बारीक जाळं विणतात, म्हणजे आधाराच्या भिंतीच जवळ येतात. फेरोइलेक्ट्रिक नावाचा एक प्रकार तर सेकंदाच्या लाखाव्या भागात वळतो, १९८० पासून माहीत आहे. पण तो मुख्यतः चालू-बंद एवढंच जाणतो, मधलं काही नाही. नुसता वेग मिळून भागत नाही.

बाजाराचं काय झालं तेही सांगतो. अमेरिकेतल्या पिक्सेलऑप्टिक्स कंपनीने २०११ साली ‘एमपॉवर’ नावाचा असा चष्मा आणला. काडीवर बोट फिरवलं किंवा मान खाली घातली की जवळचा नंबर चालू. किंमत हजार डॉलरच्या घरात. दोन-अडीच वर्षांत कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचं तंत्रज्ञान जपानच्या मित्सुई केमिकल्सने घेतलं आणि २०१८ साली जपानमध्ये ‘टचफोकस’ या नावाने चष्मा काढला, किंमत अडीच लाख येनच्या आसपास. आता फिनलंडमधली आयएक्सआय नावाची कंपनी डोळ्यांच्या हालचालीवरून स्वतःच नंबर बदलणाऱ्या चष्म्यावर काम करते आहे. कल्पना चांगली आहे. जवळचं बघताना आपली दोन्ही बुबुळं थोडी नाकाकडे वळतात. किती वळली ते मोजलं की तुम्ही किती अंतरावर बघताय ते कळतं.

आता माझं मत. हे चष्मे येतील, मलाही हवे आहेत. पण माझ्या मनात एक शंका आहे, आणि ती काचेविषयी नाही.

चष्म्याचा नंबर बदलणं हा कधी कधी शरीराने पाठवलेला निरोप असतो. माझ्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते. सहा महिन्यांत दोनदा चष्मा बदलला, तरी धूसर. तहान वाढलेली, रात्री लघवीला उठणं. साखर तपासली, चारशेच्या वर. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नंबर सरकतो. गंमत म्हणजे, उपचार सुरू करून साखर झपाट्याने खाली आली की नंबर पुन्हा उलटा सरकतो. या गृहस्थांना औषध सुरू केल्यावर आठवड्याभरात पेपर वाचता येईना. “तुमच्या गोळ्यांनी डोळे गेले,” म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या, ते त्यांच्या पत्नीने सांगितलं. “वहिनी, गोळ्यांनी नाही, साखर उतरल्याने झालंय, महिन्या-दीड महिन्यात थांबेल,” हे समजावायला मला अर्धा तास लागला. तेवढ्यापुरता दुकानातला स्वस्त वाचायचा चष्मा वापरा, भारी चष्मा आत्ता करू नका, असं सांगितलं. सव्वा महिन्यात नंबर स्थिरावला. पडद्याची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडे करून घेतली. ती नशिबाने ठीक निघाली.

आता विचार करा. त्यांच्या नाकावर आपोआप जुळवून घेणारा चष्मा असता, तर हे सहा महिने त्यांना सगळं लख्ख दिसलं असतं. आणि साखर चारशेवरच राहिली असती.

दुसरं उदाहरण घरोघरी सापडतं. “आमचे अण्णा पंच्याहत्तरीत बिनचष्म्याने पेपर वाचतात!” कौतुकाने सांगितलं जातं. कित्येकदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा गाभा घट्ट होताना त्याची ताकद वाढते, दूरचं बिघडतं आणि जवळचं काही काळ सुधारल्यासारखं वाटतं. काचबिंदूत तर नंबर बदलतच नाही. बाजूची नजर चोरासारखी जाते, समोरची शाबूत असते. जो चष्मा समोरचं सतत स्वच्छ दाखवतो, त्याच्या मालकाला डॉक्टरकडे जावंसं का वाटेल? म्हणून माझी मागणी अशी आहे की असे चष्मे आले, तर त्यांनी बदललेला नंबर नोंदवून ठेवावा आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे सरकला तर माणसाला सांगावं. अंतर मोजणाऱ्या यंत्राला हे अवघड नसावं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे: घेऊ का? परदेशातून आणायचा असेल तर विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा. बॅटरी संपल्यावर काच दूरच्या नंबरवर येते की जवळच्या. जवळचा नंबर बंद व्हायला किती वेळ लागतो. चालू व्हायला किती, हे ते आपणहून सांगतील, बंद व्हायचं विचारावं लागेल. थंडीत तो वेळ किती होतो. आणि काच बिघडली तर दुरुस्ती भारतात कुठे. समाधानकारक उत्तरं मिळाली आणि पैसा असेल तर जरूर घ्या, पण पहिले काही दिवस जिना आणि दुचाकी जुन्याच चष्म्यावर.

ज्यांना तो परवडणार नाही, म्हणजे माझे बहुतेक पेशंट, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या साडेसातशे कामगारांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. ज्यांना साधा, स्वस्त वाचायचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची क्षमता, न दिलेल्यांपेक्षा सुमारे बावीस टक्क्यांनी अधिक वाढली. यात वीज नाही, द्रवस्फटिक नाहीत. आपल्याकडे असंख्य माणसं हा साधा चष्माही लावत नाहीत, आणि यात शिवणकाम करणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारणाऱ्या बायका जास्त. “आता या वयात काय वाचायचंय मला,” असं म्हणतात. काकू, वाचायचं नसेल, पण तांदळातला खडा दिसायला हवा की नको?

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर जिना उतरताना फक्त डोळे खाली नेऊ नका, हनुवटी छातीकडे न्या, म्हणजे पायरी काचेच्या वरच्या भागातून दिसेल. कठड्याला हात. पायरीच्या कडेला उठावदार रंगाची पट्टी मारून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही रोज फिरायला जात असाल तर फक्त दूरच्या नंबरचा दुसरा साधा चष्मा करून घेण्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोला. चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांनी नुसता नंबर नाही, तर डोळ्याचा दाब आणि पडदाही तपासून घ्या. मधुमेह असेल तर पडदा दर वर्षी.

आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर आज एक काम करा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, ४०ची लाल टोपणाची आणि १००ची नारिंगी. बाटलीवरचा आकडा अगदी बारीक असतो. चष्मा लावून, खिडकीपाशी उजेडात, बाटली आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा एकच आहे का ते बघा. जुळत नसेल तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करा.